मिलिटरी हॉस्पिटलात जखमी जवानाची आबाळ झाली तर जाब नेमका कोणाला विचारायचा?

मानकापूरची शिलाईवाली

नमस्कार. मी नागपूरची. मानकापूरला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊजची मापं सोडून मी फारसं काही लिहीत नाही, तेव्हा चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ इन्फंट्रीत नायक आहे. मागच्या पावसाळ्यात गस्तीवरून परतताना त्यांची गाडी घसरून नाल्यात गेली आणि त्याची डावी नडगी तीन ठिकाणी तुटली. आधी तिथल्या जवळच्या हॉस्पिटलात ठेवलं, मग मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. कोणतं ते लिहीत नाही. उत्तरेकडचं आहे, एवढंच. नागपूरजवळच्या कामठीच्या छावणीतलं नाही हे आधीच सांगते, नाहीतर इथले लोक कामठीचाच अंदाज बांधत बसतील.

आधी जे चांगलं झालं ते. पाय राहतो की जातो अशी वेळ होती. तिथल्या सर्जन साहेबांनी पाय वाचवला. पायाभोवती लोखंडी रिंगा बसवल्या, हाडातून आरपार तारा गेल्या. नर्सिंग ऑफिसर मॅडम रोज एकेका तारेच्या तोंडाशी बसून ड्रेसिंग करायच्या. आमचा एक रुपया लागला नाही. ह्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही, उलट मी त्यांच्या पाया पडेन.

तक्रार त्यानंतरची आहे. ऑपरेशन उरकलं की पेशंटला मुख्य वॉर्डातून मागच्या जुन्या बराकीत हलवतात. हाड जुळायचं, मग मेडिकल बोर्ड (अपंगत्व किती ते ठरवणारी डॉक्टरांची तपासणी) व्हायचा, तोवर मुक्काम तिथेच. सुटीवर घरी का आणलं नाही असं तुम्ही विचाराल. एका तारेशी पू झाला होता, रोज ड्रेसिंग लागायचं, म्हणून डॉक्टरांनीच सोडलं नाही.

मी दक्षिण एक्सप्रेसनं गेले, पुढे बसनं. सोबत संत्रा बर्फी. बराकीत १८ खाटा. बहुतेकांच्या पायालाच काहीतरी झालेलं. आणि संडास तीन, तिन्ही देशी. आता मला सांगा, ज्याच्या नडगीला रिंगा आहेत तो माणूस उकिडवा कसा बसेल? चौथा संडास कमोडचा होता, पण त्याला कुलूप. दाराच्या फटीतून पाहिलं तर आत बादल्या, फिनाईलचे कॅन आणि मोडका सलाईन स्टँड.

मग ही माणसं करतात काय? त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिच्या मधोमध गरम सुरीनं भोक पाडलं होतं. खाली बादली. कापलेली कड मांडीला लागू नये म्हणून तिच्यावर क्रेप बँडेज गुंडाळून सुईदोऱ्यानं शिवून टाकलं होतं. माझी नजर आधी टाक्यांवरच जाते. टाके एकसारखे होते, गाठ आतल्या बाजूला घेतलेली. कोणी शिवलं विचारलं तर कोपऱ्यातला एक पोरगा हसला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं शिवलं, शेजारच्यानं कापड ताणून धरलं म्हणे.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा नेमकं कोणा मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. भिंतींना चुना मारलेला, खिडक्यांना निळे परदे, कमोडचं कुलूप निघालेलं, आतल्या नव्या सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. परदा मी हातात घेऊन पाहिला. खालची पट्टी नुसत्या कच्च्या टाक्यानं धरलेली. जे कापड परत करायचं असतं त्यालाच असा टाका घालतात. तिसऱ्या दिवशी परदे गेले आणि कमोडला पुन्हा कुलूप.

किल्ली कोणाकडे आहे म्हणून विचारत फिरले. वॉर्डबॉय म्हणाला स्टोअरकडे. स्टोअरवाला म्हणाला ती जागा रिपेअरमध्ये आहे, एमईएसला (लष्कराच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याला) विचारा. एमईएसच्या ऑफिसात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. शेवटी वॉर्डातले हवालदार अगदी नरमाईनं म्हणाले, "दीदी, चाबी ऊपर है." ऊपर म्हणजे कुठे, ते त्यांना सांगता आलं नाही.

भाऊ म्हणतो, "ताई, तू काही लिहू नको. माझा बोर्ड व्हायचा आहे." घाबरून राहिला आहे. मला कोणाची नोकरी घालवायची नाही, त्या वॉर्डबॉयची तर मुळीच नाही. पण हे "ऊपर" कुठे राहतं, हे कोणी सांगेल का? आणि मी लिहिलं तर भावाला त्रास होईल का?

---

कामठीचे सुभेदार (निवृत्त)

ताई, मी एएमसीमध्ये, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय दलात होतो, नर्सिंग असिस्टंट. २६ वर्षं. तुम्ही लिहिलेली बराक मी डोळे मिटून पाहू शकतो. तुमच्या भावाच्या हॉस्पिटलात मी कधी नव्हतो, पण अशा बराकी मी पाहिल्या आहेत.

हे पाहा, हॉस्पिटलचा कमांडंट डॉक्टर असतो, पण इमारत त्याच्या हातात नसते. भिंत, नळ, छप्पर, कमोड, सगळं एमईएसचं. तिथला मालक गॅरिसन इंजिनिअर, त्याला आम्ही जीई म्हणतो. टाकी फुटली तरी वॉर्डातून एमईएसच्या कंप्लेंट रजिस्टरमध्ये नोंद जाते. काम छोटं असेल तर माणूस येतो. मोठं असेल तर मंजुरी, टेंडर, आर्थिक वर्ष, मग पुढचं आर्थिक वर्ष. सफाईचा ठेकेदार वेगळा. औषधं मेडिकल स्टोअर डेपोतून, तिथे नसली तर लोकल पर्चेस. म्हणजे एका खाटेवर चार खाती निजलेली असतात आणि पेशंट पाचवा. त्या हवालदारानं खोटं सांगितलं नाही. त्याच्यापुरती किल्ली खरंच ऊपरच आहे.

पण म्हणून कमांडंट सुटत नाही. एखादी जागा "रिपेअरमध्ये" आहे म्हटलं की तिचा कंप्लेंट नंबर पाहिजे, तारीख पाहिजे. आणि इन्स्पेक्शनला सीट बसवून कमोड चालू झाला, याचा अर्थ रिपेअर बाकी नव्हतं. ती जागा कोणीतरी स्टोअर म्हणून वापरून राहिलं आहे. हे एमईएसचं काम नाही, हे हॉस्पिटलच्या आतलं काम आहे. तुमच्याच लिहिण्यातून हे निघतं. हाच मुद्दा पकडा, दुसरीकडे जाऊ नका. परद्यांचा विषय सोडून द्या. परदे प्रत्येक इन्स्पेक्शनला येतात आणि जातात. मीही लावले आहेत.

भावाला काही लिहायला लावू नका. जवानाला तक्रारीचा हक्क आहे, आर्मी ॲक्टच्या कलम २६ मध्ये. पण तो आपल्या वरच्यांमार्फत जातो आणि त्याला वेळ लागतो. पेपरवाल्यांकडे जायची त्याला मुभा नाही, आर्मी रूल्समधला नियम २१ आहे. बराकीचा फोटो काढून कोणत्या ग्रुपवर टाकू नका, त्यालाही टाकू देऊ नका. आतला फोटो बाहेर गेला की कमोड राहतो बाजूला आणि फोटो कोणी काढला याची चौकशी लागते. तुम्ही सिव्हिलियन आहात, बहीण आहात, स्वतःच्या नावानं कमांडंटला पत्र लिहा. एक प्रत भावाच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओला. युनिटच्या सुभेदार मेजर साहेबांना फोन करून आधी सांगा. युनिटचा माणूस जखमीला भेटायला जातो, तो काय पाहून येतो हेही विचारा. चांगलं युनिट असेल तर पत्राच्या आधी फोन जातो.

बोर्डाचं म्हणाल तर अपंगत्वाचे टक्के हाडावरून ठरतात, एक्स-रे आणि सांध्याची हालचाल पाहून. तरी भावाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वर्दीतल्या माणसाला ती कळते.

---

तर्री पोहे

सीमेवर जवान उभे आहेत म्हणून आपण इथे मोबाईल घेऊन बसलो आहोत. फौजेची अशी बदनामी ऑनलाइन करणं शोभत नाही. शत्रूलाही हेच पाहिजे असतं.

---

कामठीचे सुभेदार (निवृत्त)

भाऊ, मी २६ वर्षं उभा होतो. मलाही कमोड लागायचा.

---

काळा कोट, सिव्हिल लाइन्स

सुभेदार साहेबांनी वाट बरोबर दाखवली आहे. कायद्याच्या बाजूनं थोडी भर घालतो.

"लष्करी हॉस्पिटलवर दावा चालत नाही, उपचार फुकट असतात" असं पुष्कळ लोक सांगतील. ते बरोबर नाही. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मिळणारा उपचार हा ग्राहक कायद्याच्या अर्थानं फुकट धरला जात नाही. २६ सप्टेंबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. हवाई दलातला एक कॉर्पोरल २००२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आजारी पडला. जम्मूतल्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात त्याला एक युनिट रक्त चढवलं. २०१४ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. मेडिकल बोर्डानंच संसर्ग त्या रक्तातून झाल्याचं म्हटलं, तरी नुकसानभरपाई नाकारली गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये द्यायला सांगितले.

तुमच्या प्रश्नाशी त्या निकालाचा संबंध वेगळ्याच जागी आहे. चूक नेमक्या कोणत्या माणसाची, हे न्यायालयाला ठरवता आलं नाही. म्हणून त्यांनी हवाई दल आणि लष्कर या दोन्ही संस्थांना मिळून जबाबदार धरलं. पैसे हवाई दलानं द्यायचे आणि अर्धे लष्कराकडून मागून घ्यायचे. थोडक्यात, "किल्ली कोणाकडे" हे सापडत नसलं तरी घराचा मालक सुटत नाही. फक्त २००२ ते २०२३ ही वर्षं मोजा, आणि मग कोर्टाची पायरी चढायची का ते ठरवा. कमोडसाठी मी तरी चढायला सांगणार नाही.

त्यापेक्षा माहितीचा अधिकार वापरा. ऑनलाइन अर्ज होतो, फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. प्रश्न असा विचारा की उत्तरात कागद द्यावाच लागेल. "जवानांचे हाल का?" असं विचारलंत तर "माहिती उपलब्ध नाही" असं येईल. विचारा: अमुक बराकीतला कमोडचा संडास कोणत्या तारखेपासून बंद आहे, कोणाच्या लेखी आदेशानं, दुरुस्तीची तक्रार कोणत्या क्रमांकानं नोंदवली, आणि किल्ली कोणत्या पदाच्या ताब्यात आहे. पदाचं नाव मागा, माणसाचं नको. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण सांगून काही माहिती नाकारता येते, हे खरं. पण कमोडमध्ये राष्ट्रीय सुरक्षा शोधणारा अधिकारी मी अजून पाहिला नाही. अर्जात भावाचं नाव किंवा नंबर टाकायची काही गरज नाही.

---

धरमपेठचा मास्तर

मी इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे माझं लांबण लागेल. ताईंच्या बराकीसारखीच एक इमारत वॉशिंग्टनला होती. तिला नावही नव्हतं, नुसती "बिल्डिंग १८".

वॉल्टर रीड हे अमेरिकी लष्कराचं नावाजलेलं हॉस्पिटल. इराक-अफगाणिस्तानातून हातपाय गमावलेले सैनिक तिथे यायचे. ऑपरेशन थिएटरला कोणी नावं ठेवत नव्हतं, जसं ताईंनी सर्जनला ठेवलं नाही. पण ऑपरेशन झाल्यावर बोर्डाच्या कागदपत्रांसाठी महिनोन्‌महिने थांबलेल्यांतल्या काही जणांना रस्त्यापलीकडच्या एका जुन्या हॉटेलात ठेवलं होतं. तीच बिल्डिंग १८. भिंतींवर बुरशी, उंदीर, झुरळं. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या दोन पत्रकार बायकांनी, डेना प्रीस्ट आणि ॲन हल, हे छापलं. पुढचं पाहा कसं झालं. हॉस्पिटलचे कमांडर जनरल वेटमन यांना काढलं. ते तिथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांच्या जागी तात्पुरतं कोणाला बसवलं? जनरल कायली यांना, जे पूर्वी त्याच हॉस्पिटलचे कमांडर होते! संरक्षणमंत्री गेट्स यांना हे रुचलं नाही आणि दुसऱ्याच दिवशी लष्कराचे सचिव हार्वे यांना राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ कायलीही निवृत्त झाले. म्हणजे तिथे "ऊपर" खरंच सापडलं, पण दोन आठवडे देशभर बोभाटा झाल्यावर.

आपल्या माणसांची गोष्ट याहून जुनी आहे. १९१५ ची मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, ब्रिटिशांची मोहीम. तिथे गेली ती पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. बगदादजवळच्या टेसिफनच्या लढाईनंतर जखमींना टायग्रिस नदीतून बोटींनी बसऱ्याला आणलं. बोटीवर खाटा नाहीत, ब्लँकेटं नाहीत, उठता न येणारी माणसं दिवसेंदिवस स्वतःच्याच घाणीत पडलेली. कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे एक मेजर बसऱ्याला हॉस्पिटल जहाजावर होते. लांबून त्यांना वाटलं बोटीच्या कडेला दोर लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. त्यांनी हे लेखी कळवलं. वरिष्ठांनी काय केलं असेल? कार्टरनाच दमात घेतलं, गप्प राहिला नाहीस तर जहाजावरून काढू म्हणून. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल बाहेर आला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. लंडनमध्ये बसून, स्वतः कोणतीही बोट न पाहिलेल्या माणसानं.

वर "बदनामी" लिहिणाऱ्या मित्राला एवढंच सांगतो की कार्टरसुद्धा फौजीच होते.

माझं स्वतःचं मत जरा कडू आहे. राजीनाम्यानं वर्तमानपत्र गार होतं. बुरशी पुसायला मात्र कोणा जीईलाच यावं लागतं. म्हणून सुभेदार साहेबांचा कंप्लेंट नंबर मला मंत्र्याच्या राजीनाम्याहून जास्त कामाचा वाटतो.

---

मानकापूरची शिलाईवाली

पाच आठवड्यांनी लिहून राहिली आहे. सीझन होता, लग्नसराईचे ब्लाऊज डोक्यावर होते.

सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं. आधी सुभेदार मेजर साहेबांना फोन. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग खुर्चीबद्दल पुन्हा एकदा विचारलं. भोक कशानं पाडलं, ते. मी सांगितलं. "ठीक है बहनजी" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग कमांडंटला पत्र, प्रत युनिटच्या सीओ साहेबांना, दोन्ही स्पीड पोस्टनं. पत्र एका पानाचं, परद्यांचा उल्लेख नाही. खरं तर मला तो फार लिहायचा होता. त्याच रात्री माहिती अधिकाराचा अर्ज, वकील साहेबांचे चारही प्रश्न जसेच्या तसे.

बाराव्या दिवशी हॉस्पिटलच्या ऑफिसमधून फोन. "आपका पेशंट कौन सा है?" मी म्हटलं, अठराही माझेच आहेत. (हे बोलताना हात थरथरत होता, दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं.) ते चिडले नाहीत, "देखते हैं" म्हणाले.

त्यानंतर चार दिवसांनी भावाचा फोन आला. कमोडचं दार उघडलं आहे. बादल्या जिन्याखाली गेल्या. भिंतीला धरायला पाईपचा दांडा बसवून दिला, तो मी मागितलासुद्धा नव्हता. कोणी काही बोललं नाही, कोणाला रागावलं नाही. भावाला तर कळलंच नाही की हे माझ्यामुळे झालं. मीही सांगितलं नाही. बोर्ड झाल्यावर सांगेन.

माहिती अधिकाराचं उत्तर काल आलं. माझा अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे, ही माहिती त्यांच्याशी संबंधित असावी, असं लिहिलं आहे. म्हणजे किल्ली अजून ऊपरच आहे, फक्त दार उघडं आहे. वकील साहेब, आता त्या दुसऱ्या कार्यालयाची वाट पाहायची की पहिलं अपील टाकायचं?

आणि सुभेदार साहेब, ती खुर्ची टाकली नाही त्यांनी. रात्री ज्यांना कमोडपर्यंत चालवत नाही त्यांच्यासाठी ठेवली आहे. प्लास्टरवाल्या पोराचा हात मोकळा झाला, तर त्यानं तिच्यावर नवीन बँडेज चढवलं, आता उजव्या हातानं. भाऊ म्हणतो, टाके आधीचेच बरे होते.

आणखी एक. भावाच्या घोट्याचा काही भरवसा नाही, त्यामुळे पुढे पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात बूट आणि पट्ट्यासाठी पाठवतील असं डॉक्टर म्हणाले. मला दहा-पंधरा दिवस तरी सोबत राहावं लागेल. तिथे जवळपास नातेवाइकांना राहायला स्वस्तातली खोली कोणाला माहीत आहे का? शिलाई मशीन ठेवू देणारी असली तर फारच बरं.